एकहाती चित्रपट: चित्रीकरणानंतरचे काम

चित्रीकरण संपते तेव्हा हातात तुकड्यांचा ढीग असतो. त्यातले ठेवायचे कोणते, टाकायचे कोणते, ठेवलेल्यांचा क्रम काय आणि प्रत्येकाला पडद्यावर किती वेळ द्यायचा, हे ठरवणे म्हणजे संकलन. त्यापुढे ध्वनी, रंग, सबटायटल, प्रमाणपत्र आणि चित्रपटगृहाला लागणारी प्रत अशी कामे रांगेने येतात. मोठ्या निर्मितीत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. स्वतंत्र चित्रपटात बहुतेक वेळा दिग्दर्शकच रात्री संगणकापुढे बसून ती सगळी उरकतो, कारण पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यात आणि लोकांच्या जेवणात संपलेले असतात.

पैशाची अडचण उघड आहे. तिच्याहून चिवट अडचण आठवणीची. ज्या माणसाने पहाटे तीन वाजता थंडीत उभे राहून एखादा शॉट मिळवला, त्याला तो शॉट कापवत नाही. प्रेक्षकाला मात्र ती थंडी दिसत नसते. अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च चित्रीकरणाच्या जागी शक्यतो फिरकतच नाहीत, ते याच कारणाने: पडद्यावर जे आहे तेवढेच डोळ्यांना दिसावे, त्यामागचे कष्ट नव्हे. 1979च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी साडेबारा लाख फूट फिल्म, म्हणजे सुमारे 230 तासांचे चित्रीकरण झाले होते, मर्च यांच्या हिशेबाने प्रत्येक 95 मिनिटांतले 1 मिनिट चित्रपटात उरले. तिथे हे काम अनेक संकलकांनी मिळून केले. एकट्या माणसाला स्वतःच्याच चित्रीकरणापासून असे लांब राहता येत नाही. म्हणून कामाची क्रमवारी अशी लावावी लागते की मधूनमधून त्याला आपलेच फुटेज परक्यासारखे पाहायला लागावे. या प्रकरणातल्या बहुतेक सूचनांमागे हाच हेतू आहे.

महाराष्ट्रात एकहाती चित्रपटाची परंपरा पहिल्या चित्रपटापासूनच आहे. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. लेखन, दिग्दर्शन, फिल्म धुणे, जोडणे ही कामे फाळक्यांच्या हातची आणि दादरच्या राहत्या घरातली. तरी ‘एकट्याने’ हा शब्द तिथेही अपुराच पडतो. कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुण्यात हात लावणे हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. श्रेयनामावली तेव्हाही अर्धवटच असे.

अलीकडच्या काळात आनंद पटवर्धन हे या पद्धतीचे ठळक नाव. 1970च्या दशकातल्या बिहार आंदोलनावरच्या पहिल्या माहितीपटात त्यांनी सुपर आठचे चित्रीकरण पडद्यावर दाखवून ते पुन्हा सोळा मिलिमीटरवर टिपले होते, कारण प्रयोगशाळेचा खर्च परवडणारा नव्हता. 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारानंतर सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षे लागली; कॅमेरा आणि संकलन दोन्ही त्यांचेच. एवढा काळ गेला की फुटेजमधली मुले मोठी झालेली असतात आणि संकलकही बदललेला असतो, हा लांबलेल्या कामाचा एक फायदाच म्हणायचा. आसामच्या रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ स्वतः लिहिला, चित्रित केला, संकलित केला. 65व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाबरोबर संकलनाचा पुरस्कारही त्यांना मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’साठी वेगळा संकलक घेतला होता, ‘द डिसायपल’चे संकलन मात्र स्वतः केले. ध्वनीचे काम त्या चित्रपटातही जाणकारांकडेच होते, ही बाब पुढे पुन्हा लागेल.

पुढच्या विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण धरता येईल: नवी मुंबईच्या एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समिती) मार्केटमधल्या एका रात्रीवरचा वीस मिनिटांचा माहितीपट. मुंबईतले घाऊक बाजार 1980 आणि 1990च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार इथे शेजारी शेजारी आहेत. मध्यरात्रीनंतर भाजीच्या गाड्या लागतात, माथाडी पाठीवर माल घेऊन गाळ्यांत उतरवतात, उजाडायच्या आत किरकोळ विक्रेत्यांचे टेम्पो भरून निघतात. संकलन शिकायला ही जागा चांगली, कारण इथे आवाज फार, उजेड मिश्र आणि कोणीही कॅमेऱ्यासाठी थांबत नाही.

समजा, वेगवेगळ्या रात्री मिळून वीस तासांचे फुटेज जमले. पहिले काम प्रती करण्याचे. सेकंदाला 100 मेगाबिटने चित्रीकरण करणारा कॅमेरा तासाला 45 जीबी जागा खातो. वीस तासांचे 900 जीबी होतात. याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी. कार्डावरून माल उतरवताना नुसते ओढून टाकू नये; मूळ फाइल आणि प्रत बिट-बिट ताडून पाहणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, ती वापरावीत. कार्ड पुसण्याआधी प्रत उघडून पाहिलेली असावी. यात नवल काही नाही, पण हातचे गेलेले चित्रपट बहुधा इथेच जातात.

साध्या लॅपटॉपवर फोर-के फुटेज अडखळत चालते. त्यासाठी प्रत्येक फाइलची हलकी नक्कल, म्हणजे प्रॉक्सी, करून तिच्यावर संकलन करतात आणि शेवटी मूळ फाइल जोडून घेतात. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती 3840 × 2160 पर्यंत प्रत काढू देते, संकलन, ध्वनी आणि रंग तिन्ही तिच्यात होतात. सॉफ्टवेअरच्या निवडीवर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मग पाहणे. सगळे फुटेज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न कापता. वीस तासांचे फुटेज पाहायला चार-पाच दिवस जातात आणि ते वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण ‘काय आहे ते माहीतच आहे’. माहीत असते ते चित्रीकरण, फुटेज नव्हे. पाहताना वहीत दोन रकाने करावेत. एकात फाइलचा क्रमांक आणि तिच्यात काय आहे, दुसऱ्यात पहिल्यांदा पाहताना काय वाटले. हसू आले, कंटाळा आला, मागे जाऊन पुन्हा पाहावेसे वाटले, जे असेल ते. पहिल्या नजरेची ही प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही. तीन महिन्यांनी डोळे मरतात, तेव्हा हा दुसरा रकानाच कामाला येतो.

यानंतर चांगले तुकडे नुसते क्रमाने लावून लाइनअप करतात. वीस मिनिटांच्या माहितीपटाचा लाइनअप दीड-दोन तासांचा निघतो आणि तो पाहून बनवणाऱ्याला धडकी भरते. ते ठीकच. एपीएमसीच्या उदाहरणात क्रम रात्रीचाच आहे: गाड्या येणे, उतराई, भाव, विक्री, झाडलोट. अनेक रात्रींची एक रात्र करायची असल्याने इथे सलगतेची पारख लागते. गाळ्याच्या भिंतीवरची दिनदर्शिका, भावफलकावर खडूने लिहिलेली तारीख, ओला रस्ता आणि कोरडा रस्ता, पूर्वेकडचे आभाळ यांतले काहीही चुगली करू शकते. तारीख दिसणारे शॉट आधीच वेगळ्या रंगाने खुणावून ठेवले की पुढचा त्रास वाचतो.

लाइनअपचा रफ कट, म्हणजे पहिला कच्चा कट, होताना आठवण खरा दगा देते. फळबाजारात रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. अडत्या आणि गिऱ्हाईक हात मिळवतात, वर रुमाल पडतो, आतल्या आत बोटे दाबली जातात, आणि भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळत नाही. या प्रसंगाचे चार शॉट आहेत असे धरू: दोघांचा मध्यम शॉट, रुमालाचा जवळचा शॉट, गिऱ्हाइकाचा चेहरा, आणि मागे उभा असलेला माणूस. चित्रीकरण करणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते. भाव काय ठरला हेही त्याने नंतर विचारून घेतलेले असते. म्हणून पहिल्या कटात तो रुमाल दोन सेकंद दाखवून पुढे जातो. अनोळखी प्रेक्षकाला काय दिसते? दोन माणसांनी हात मिळवले आणि मध्ये कापड आले. रुमाल पाच-सहा सेकंद ठेवला, कापडाखाली बोटे हललेली दिसू दिली, मग गिऱ्हाइकाची मान नकारार्थी हलली, पुन्हा रुमाल, पुन्हा चेहरा, अशी रचना केली की घासाघीस चालू आहे हे निवेदनाशिवाय कळते. आकडा लगेच सांगायची घाई नको. तो पुढे दिवाणजींच्या वहीत उमटतो तिथे दिसला तर बास. तोवर प्रेक्षक भोवतीच्या बघ्यांच्याच जागी उभा राहतो.

मर्च यांनी कट कुठे घ्यावा याच्या सहा कसोट्या दिल्या आहेत आणि त्यांना गमतीने टक्केही लावले आहेत: भावनेला 51, कथेला 23, लयीला 10, आणि उरलेले नजरेच्या जागेला, चौकटीच्या सपाट रचनेला व अवकाशाच्या सलगतेला. म्हणजे माथाडीच्या डोक्यावरची चुंबळ एका शॉटमध्ये डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे कललेली असली तरी त्या क्षणाचा ताण धरला जात असेल तर कट घ्यावा. नवखे लोक हा हिशेब नेमका उलटा करतात. चुंबळ जुळवत बसतात आणि प्रसंग मेलेला असतो.

रफ कट झाला की चित्रपट आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवावा आणि मग तीन-चार माणसांना, शक्यतो वेगवेगळे बसवून, दाखवावा. त्यांत एक तरी असा हवा ज्याला चित्रपटही करायचा नाही आणि बाजाराशीही घेणेदेणे नाही. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर ‘छान’ येते. पाहून झाल्यावर काय काय घडले ते क्रमाने सांगायला लावावे. जिथे त्यांचे सांगणे अडखळते किंवा भलतेच होते, तिथे कटात दोष आहे. उपाय मात्र त्यांच्याकडून घेऊ नयेत. ‘इथे निवेदन टाका’ असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ तिथे काहीतरी कळले नाही एवढाच असतो. पाहणाऱ्यांची नजर पडद्यावरून केव्हा ढळते, फोनकडे केव्हा जाते, हे मागे बसून टिपले तर त्यांच्या बोलण्यापेक्षा अधिक कळते.

मग एक दिवस ठरवून पिक्चर लॉक करायचा. यापुढे एक फ्रेमही हलवायची नाही, कारण ध्वनी आणि रंगाचे सगळे काम या लांबीवर बसते. एकहाती कामात लॉक मोडायला कोणाची परवानगी लागत नाही, हीच पंचाईत आहे. लॉकची तारीख दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवणारे लोक जास्त चित्रपट पुरे करतात.

ध्वनी हा एकहाती चित्रपटाचा कच्चा दुवा. प्रेक्षक हलते किंवा दाणेदार चित्र चालवून घेतो; न कळणारे बोलणे घेत नाही. एपीएमसीत मागे येणाऱ्या टेम्पोचा भोंगा, हातगाड्यांची चाके, शीतगृहाची घरघर आणि हाका एकाच वेळी चालू असतात. अशा जागी चित्रीकरणाच्या वेळीच कॅमेऱ्याशिवाय नुसता परिसराचा आवाज चार-पाच मिनिटे सलग घेऊन ठेवावा, प्रत्येक बाजाराचा वेगळा. संकलनात दोन शॉटच्या सांध्यावर आवाज तुटतो तेव्हा हाच थर खाली पसरून सांधा झाकतात. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू करून चित्र मागून आणले, किंवा आधीच्या शॉटचा आवाज पुढच्यावर रेंगाळत ठेवला, की कट जाणवत नाही. कांद्याची गोणी फळीवर आदळते तो धप्प आवाज जागेवर नीट मिळतच नाही, गोंगाटात बुडतो. घरी अर्धी भरलेली गोणी जमिनीवर टाकून तो पुन्हा रेकॉर्ड करावा आणि चित्राशी जुळवून बसवावा. वजन तेव्हा जाणवते.

गाळ्यातल्या रेडिओवर वाजणारे गाणे हा वेगळाच पेच. एक तर शॉट कापला की गाणेही मध्येच कापले जाते आणि बहिऱ्यालाही कट कळतो. दुसरे म्हणजे ते गाणे कोणाच्या तरी मालकीचे असते. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये चित्रपटात पार्श्वभूमीला ओझरत्या दिसणाऱ्या चित्र-शिल्पांसारख्या कलाकृतींना सूट आहे; तीच सूट ध्वनिमुद्रित गाण्याला लागू होते असे मानून चालू नये. महोत्सवाचे आयोजक आणि ओटीटीवाले हक्कांची कागदपत्रे मागतात. चित्रीकरणापूर्वी दुकानदाराला ‘दादा, दहा मिनिटं रेडिओ बंद ठेवता का?’ असे विचारणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ते राहून गेले असेल तर तो आवाज पूर्ण काढून खाली परिसराचा थर घालावा लागतो, आणि बोलणे त्याच आवाजात अडकलेले असेल तर शॉटच सोडावा लागतो.

थोडे पैसे उरलेच तर ते कशावर घालावेत, याचे उत्तर ध्वनीचे मिक्सिंग हेच. घरच्या खोलीत हेडफोनवर केलेले मिक्स चित्रपटगृहात गेले की एक तर बोलणे दबते किंवा धपधप अंगावर येते, कारण मोठ्या जागेत आवाज कसा पसरेल ते हेडफोनवर कळत नाही. मिक्सिंग स्टुडिओतला एक दिवससुद्धा फरक पाडतो. तिथे जाण्याआधी संवाद, परिसर, फोली (गोणीच्या धप्पसारखे पुन्हा घेतलेले आवाज) आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर नीट नावे देऊन लावलेले असले की भाड्याचे तास आवराआवरीत जात नाहीत. आवाजाची पातळी कुठे दाखवायचे त्यावर ठरते: युरोपीय प्रसारणाचे प्रमाण -23 एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचे एकक) आहे, यूट्यूब -14च्या आसपास आणते, चित्रपटगृहासाठी मिक्स त्या पातळीला जुळवलेल्या खोलीतच करतात.

रंगाचे काम त्यामानाने सोपे. आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवायचे, मग हवी ती छटा द्यायची. हा क्रम उलटला की दुप्पट काम होते. बाजारात जुने पिवळे दिवे, पांढऱ्या एलईडी आणि पहाटेचा निळसर उजेड एकाच चौकटीत येतात. सगळे पांढरे करायचा हट्ट धरू नये. माणसांचे चेहरे खरे वाटले की उरलेला पिवळेपणा रात्रीचाच वाटतो. मॉनिटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा उजेडाची पातळी दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मच्या आलेखावर ठेवावा. भारतात वीज 50 हर्ट्झची असल्याने सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवले तर दिवे लुकलुकत नाहीत. 1/60वर घेतलेल्या शॉटमध्ये पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर काढणे जिकिरीचे असते.

सबटायटलला लोक शेवटच्या दोन संध्याकाळी देतात आणि परदेशी प्रेक्षक नेमका तिथे गळतो. एका वेळी दोनच ओळी, वाचायला पुरेसा वेळ, आणि कटाच्या पलीकडे शक्यतो लोंबू न देणे, हे पाळावे. गोंगाटातल्या प्रत्येक हाकेचे भाषांतर करायची गरज नसते.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लघुपटही त्याला अपवाद नाही. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवता येते. 2023च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग झाले आणि प्रमाणपत्राची मुदत कायमची झाली. अपिलाचे न्यायाधिकरण 2021 मध्ये रद्द झाले असल्याने मंडळाच्या निर्णयाविरुद्ध आता उच्च न्यायालयात जावे लागते. पटवर्धनांनी ‘वॉर अँड पीस’च्या वेळी तसे केले होते आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न मारता चित्रपट दाखवायला मोकळीक दिली. प्रमाणपत्रानंतर केलेला बदल मंडळाकडे पुन्हा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे काम पुरे झाल्यावरच अर्ज करावा.

चित्रपटगृहाला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) द्यावे लागते. त्यात प्रत्येक फ्रेम जेपेग 2000 पद्धतीने वेगळी साठवलेली असते आणि वेग सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत सॉफ्टवेअरने ते घरी बनते. सर्वत्र बिनधोक चालणारा वेग सेकंदाला 24 फ्रेम. 25वर केलेला चित्रपट 24वर चालवला तर वीस मिनिटांचे वीस मिनिटे पन्नास सेकंद होतात आणि आवाजाचा स्वर किंचित उतरतो, तो सावरून घ्यावा लागतो. काही झाले तरी ही प्रत एकदा खऱ्या चित्रपटगृहात लावून पाहावी. सकाळच्या खेळाआधी अर्धा तास पडदा मागितला तर छोट्या गावातले थिएटरवाले बहुधा नाही म्हणत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत आवाज, सबटायटल आणि चौकटीच्या कडा कळतात.

शेवटी सगळे आवरून ठेवायचे. मूळ फुटेज, प्रोजेक्ट फाइल, सबटायटलशिवायची स्वच्छ प्रत, संवाद-संगीत-परिसर यांचे वेगळे ट्रॅक, सबटायटलची साधी मजकूर फाइल, दिसणाऱ्या माणसांची संमतिपत्रे आणि संगीताचे करार एका ड्राइव्हवर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी. प्रोजेक्ट फाइल काही वर्षांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेलच असे नाही, म्हणून पूर्ण चित्रपटाची एक मोठ्या दर्जाची फाइलही काढून ठेवतात. ड्राइव्ह वर्षातून एकदा जोडून चालू होते का पाहावे. कपाटात पडून राहिलेल्या हार्ड डिस्क सांगून बिघडत नाहीत.